वळूवरचा गडी आणि त्याला सांभाळणारं माणूस

खत-बियाण्याचा विषय आज एक दिवस बाजूला ठेवू. तुमच्या घरातली पोरं मोबाईलवर अमेरिकेतले सिनेमे बघतात. त्यात एक गोष्ट ठरलेल्या साच्यातली असते. छोटं गाव, रोडिओत वळूवर बसणारा रांगडा गडी, आणि तो जायबंदी होऊन घरी आलेला. त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी नेमलं जातं. गडी ऐकत नाही, गोळ्या घेत नाही, रात्री गुपचूप सराव करतो. सांभाळणारं माणूस ओरडतं, रुसतं, आणि शेवटी दोघांचं जमतं. अशा कादंबऱ्याही तिकडे ढिगाने निघतात.

माझी तक्रार प्रेमाबद्दल नाही. प्रेम होऊ द्या की, कुणाच्या बापाचं काय जातं? तक्रार अशी आहे की या गोष्टीत सांभाळणं म्हणजे मायेचा विषय होऊन बसतो. खऱ्या रोडिओत ते काम आहे. त्याला माणूस लागतो, पैसा लागतो, आणि ‘आज बसायचं नाही’ असं सांगण्याचा अधिकार लागतो. हे सगळं तिकडच्या लोकांना माणसं गमावल्यावर कळलं.

आधी खेळ समजून घ्या. रोडिओ हा शब्द स्पॅनिश. गुरं वळून एकत्र आणणं, असा त्याचा मूळ अर्थ. मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून ही विद्या अमेरिकन काऊबॉयकडे आली. काऊबॉय म्हणजे तरी काय, आपला गुराखीच. फक्त घोड्यावर बसलेला. फास टाकून वासरू धरणं, अंगावर न घेणारा घोडा वठणीवर आणणं ही त्यांची रोजची कामं होती, त्यांचेच पुढे खेळ झाले. वळूवर बसणं मात्र गुरांच्या कामात कधीच नव्हतं. वळूवर बसून कुणाचं काय काम होणार, तुम्हीच सांगा. तो निव्वळ धाडसाचा प्रकार, आणि आज गर्दी सगळ्यात जास्त त्यालाच.

स्वाराने एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात हवेत, आणि आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात वळूला लागला की बाद. गुण शंभरपैकी, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे वळूचे. म्हणजे वळू जितका उधळेल तितकं दोघांचं भलं. वळू सातशे-आठशे किलोचा. आपला खिलार चांगला भरला तरी पाचशेच्या आसपास जातो, त्यावरून अंदाज घ्या. दोराला राळ चोळलेली असते म्हणून पकड सुटत नाही, आणि खाली जड घंटा बांधलेली असते ती स्वार उतरल्यावर दोर ओढून खाली पाडायला. तरीही कधीकधी हात दोरात अडकतो. मग वळू उड्या मारतोय आणि माणूस बाजूला लोंबकळतोय, असा प्रकार होतो.

आता पैशाचं बघा, कारण गोम तिथेच आहे. रोडिओच्या स्वाराला पगार नसतो. तो स्वतःच्या खिशातून प्रवेश फी भरतो, गाडीत स्वतःचं डिझेल घालतो, शेकडो मैल जातो. टिकला आणि नंबरात आला तर बक्षीस, पडला तर फीसुद्धा गेली. दुखापत झाली म्हणून घरी बसला तर त्या आठवड्याची कमाई शून्य. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. ताप अंगात असला तरी पाण्याच्या पाळीला रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला जाणारा माणूस आणि मोडक्या बरगडीने वळूवर बसणारा माणूस, दोघांचं गणित एकच आहे. कादंबरीत गडी हट्टी म्हणून ऐकत नाही. खरा गडी बहुतेक वेळा हप्ता भरायचा म्हणून ऐकत नाही. हे मी प्रेमकथेत क्वचितच वाचलं.

लेन फ्रॉस्ट हे नाव तिकडे घरोघरी ठाऊक आहे. १९८७ चा जगज्जेता. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंग राज्यातल्या शायान गावी त्याने आपले आठ सेकंद पुरे केले, वळूवरून उतरला, आणि मागून वळूने त्याला धडक दिली. तो उठला, दोन पावलं चालला, मदतीला हात केला आणि कोसळला. वय पंचवीस. घरी तरुण बायको होती, तीही घोड्यावरच्या शर्यती करणारी. त्या दोघांच्या संसारावर १९९४ मध्ये ‘एट सेकंड्स’ नावाचा सिनेमा निघाला. लोकांनी डोळे पुसले. पण मला त्या सिनेमापेक्षा त्याच्या एका सोबत्याचं काम मोठं वाटतं. कोडी लॅम्बर्ट हा त्याच्याच टोळीतला स्वार. त्याने छाती-बरगड्यांना झाकणारं संरक्षक जाकीट तयार केलं आणि नव्वदच्या दशकात ते व्यावसायिक स्वारांच्या अंगावर आलं. मित्र गेल्यावर रडणारे पुष्कळ असतात हो, जाकीट शिवायला बसणारा एखादाच.

दुसरा सांभाळणारा मैदानातच उभा असतो. त्याला बुलफायटर म्हणतात, पण तो वळूशी लढत नाही आणि वळूला मारतही नाही. स्वार पडला की हा वळूच्या तोंडासमोर धावतो, त्याचं लक्ष स्वतःकडे ओढतो, गिरक्या घेतो, आणि तेवढ्यात स्वार कुंपण गाठतो. पूर्वी ही माणसं विदूषकाच्या रंगीत कपड्यांत यायची, लोकांना वाटायचं हसवायला आलेत. हसवतही होती, पण खरं काम दुसरं होतं. या माणसाला वळूचा स्वभाव वाचता यावा लागतो: कोणत्या शिंगाने मारतो, कोणत्या बाजूला वळतो. गोठ्यात मारक्या बैलाला दावं लावणारा माणूस हे ओळखेल. बुलफायटरला मोबदला मिळतो, तो ठरवून नेमलेला असतो, आणि त्याच्याशिवाय दार उघडत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आणि ज्यांना प्रेमकथाच हवी त्यांना एक खरी सांगतो. टफ हेडमन हा फ्रॉस्टचा जिवलग मित्र. १९९५ साली लास व्हेगासमध्ये बोडेशस नावाच्या वळूने डोक्याची धडक देऊन त्याच्या चेहऱ्याची हाडं मोडली. शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत चिठ्ठीत पुन्हा तोच वळू निघाला. हेडमनच्या लहान मुलाने बापाला आधीच सांगून ठेवलं होतं, पुन्हा त्याच्यावर बसू नकोस. दार उघडलं, हेडमन बसला नाही. वळू एकटाच मैदानात गेला, आणि याने टोपी काढून त्याला सलाम केला. पुढे त्याच स्पर्धेत या वळूने आणखी एका स्वाराचा चेहरा फोडला, तेव्हा मालकानेच त्याला खेळातून काढलं. कादंबरीतल्या पन्नास पानांच्या रुसव्याफुगव्यात जे होत नाही ते एका पोराच्या शब्दाने झालं. मात्र हेडमन तोवर चार वेळचा जगज्जेता होता, त्याला नाही म्हणणं परवडलं, हेही लक्षात घ्या. पहिल्या वर्षाच्या पोराला ते परवडत नाही.

जाकिटाने बरगड्या वाचतात, डोकं वाचत नाही. कॅनडाचा टाय पोझोबॉन या स्वाराने जानेवारी २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्षी आयुष्य संपवलं. नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वारंवार डोक्याला मार बसून होणारा आजार सापडला. वळूस्वारांच्या मोठ्या संघटनेने २०१३ पासून नव्या पिढीतल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, जुन्यांना टोपीची मुभा ठेवली. टोपी फोटोत चांगली दिसते, दुसरं काय! २०१७ चाच ‘द रायडर’ हा सिनेमा मिळाला तर पोरांना तो दाखवा. साउथ डकोटातल्या लाकोटा आदिवासी वस्तीतला ब्रॅडी जँड्रो हा खरा स्वार, घोड्याच्या पायाखाली त्याचं डोकं सापडलेलं. त्याने जवळजवळ स्वतःचीच भूमिका केली आहे, आणि त्याचे वडील व बहीणही त्यात आहेत. नेमलेली नर्स नाही, गाणी नाहीत. पुन्हा बसलो तर मरेन आणि नाही बसलो तर मी कोण, एवढाच प्रश्न.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आपल्या शर्यती. २०१४ च्या बंदीनंतर राज्याने २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. या भांडणात आपण सगळे बैलाबद्दल बोललो, आणि ते योग्यच होतं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाची डॉक्टरी तपासणी, काठी-चाबकाला मनाई, हे नियम आहेत. पण पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळवणारा पोरगा, किंवा सातारा-सांगलीकडे छकड्यावर बसून हाकणारा गडी, यांचं कोण बघतं? पोरगा पडला तर चार जण उचलतात, तोंडावर पाणी मारतात, आणि पुढच्या फेरीला पुन्हा चढवतात. डोक्याला मार लागलाय की नाही, हे विचारायला तिथे माणूस नसतो. असला तरी त्याचं कुणी ऐकत नाही, कारण बक्षिसाची मोटारसायकल समोर उभी असते.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि यात्रा कमिटीची मंडळी, यंदाच्या बैठकीत तमाशाच्या सुपारीबरोबर दोन विषय घ्या. घोडीवाल्याला आणि गाडीवानाला हेल्मेट वर्गणीतून द्यायचं की नाही, हा एक. आणि पडलेल्या पोराला ‘आज तू पुन्हा बसायचं नाहीस’ असं सांगणारा माणूस कोण, त्याचं नाव इतिवृत्तात लिहायचं, हा दुसरा. तो माणूस शक्यतो त्या पोराच्या भावकीतला नको, आणि गाडामालक तर मुळीच नको.