नाव बदलले, मूळ बदलते काय?

पुदुच्चेरीतील एखाद्या तमिळ घराण्याचे आडनाव ‘लापोर्त’ किंवा ‘आंत्वान’ असल्याचे कळले, की बाहेरचा माणूस चटकन निष्कर्ष काढतो : यांचा कोणी पूर्वज फ्रान्सहून आलेला असावा. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. पूर्वज तमिळच होते. फ्रेंच आहे ते केवळ नाव. ते नाव कसे आले, हा इतिहास प्रत्येक विचारी हिंदूने जाणून घ्यावा असा आहे.

तमिळ परंपरेत पिढ्यान् पिढ्या चालणारे आडनाव नव्हते. स्वतःच्या नावाआधी पित्याच्या नावाचे आद्याक्षर लागे आणि पुढच्या पिढीत ते बदले. फ्रेंच कायद्याला मात्र कायमचे कुलनाम हवे होते. 21 सप्टेंबर 1881 च्या हुकुमान्वये फ्रेंच हिंदुस्थानातील प्रजाजनांना आपला परंपरागत वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा मिळाली. त्यागपत्रातच स्वतःसाठी आणि वंशजांसाठी कुलनाम निवडावे लागे. हा त्याग कायमचा असे. असे करणाऱ्यांना ‘रनोंसाँ’, म्हणजे त्यागकर्ते, म्हणू लागले.

त्यांचे अग्रणी होते वकील पोन्नुतंबी पिळ्ळै. युरोपीय पद्धतीचे जोडे घालून न्यायालयात आल्याबद्दल 1873 मध्ये त्यांना अटकाव झाला. त्यांनी दाद मागितली ती थेट पॅरिसपर्यंत. पुढे त्यांनी कुलनाम घेतले ‘लापोर्त’. त्याचा अर्थ दार. समतेचे दार आता उघडेल, ही आशा त्या एका शब्दात साठवलेली होती.

ते दार खरोखर उघडले काय? अवघ्या तीन वर्षांत, 1884 मध्ये, मतदारांच्या तीन याद्या झाल्या : युरोपीय, त्यागकर्ते आणि उर्वरित हिंदी. समतेच्या गर्जना करणाऱ्या प्रजासत्ताकाने नाव घेतले, कायदा बदलायला लावला आणि तरीही या माणसांना वेगळ्या रांगेत उभे केले. वसाहतवादी ‘समते’चे खरे मोल यावरून कळते.

परंतु दोष केवळ परक्यांच्या पदरी टाकून मोकळे होता येणार नाही. त्यागकर्त्यांमध्ये ख्रिस्ती झालेले आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोक मोठ्या संख्येने होते. ज्या नावावरून जात ओळखली जाते आणि जातीवरून पायरी ठरते, ते नाव टाकून देण्याचा मोह माणसाला का झाला, याचे उत्तर आपल्याच समाजाने द्यायचे आहे. घरात सन्मान मिळाला असता, तर परक्याचे दार ठोठावण्याची वेळ किती जणांवर आली असती?

आज या घराण्यांचे वंशज पुदुच्चेरीपासून पॅरिसपर्यंत विखुरले आहेत. कित्येकांचे पूर्वज फ्रेंचांच्या नोकरीत सायगावला गेले. 1 नोव्हेंबर 1954 रोजी पुदुच्चेरीचा कारभार भारताकडे आला, 1962 मध्ये विलीनीकरणाचा करार अमलात आला आणि काही कुटुंबांनी फ्रेंच नागरिकत्व राखले. आता त्यांच्यातील कोणी मूळ शोधू लागला, तर फ्रेंच कुलनामाचा धागा त्यागपत्रापाशी तुटतो. त्यापलीकडे पिता-पुत्रांच्या नावांची साखळी एकेक कडी पकडून मागे न्यावी लागते. जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी दाखवणारे ते त्यागपत्रच दोन्ही बाजूंना जोडणारा पूल ठरते. म्हणून जन्म, विवाह व मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि ही त्यागपत्रे प्राणपणाने जपली पाहिजेत.

मूळ शोधत येणाऱ्या या माणसाला ‘तू फ्रेंच की भारतीय?’ असे विचारून पेचात टाकू नये. त्याच्या पणजोबाने नाव बदलले ते मान मिळावा म्हणून. निदान पणतूला तो मान आपल्या दारात मिळावा.