चष्म्याचा नंबर आणि आर्द्रेचा तारा

२०१९ चा नाताळ. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मी आणि धाकटा भाऊ दारावर टांगायला कामट्यांचा तारा करत बसलो होतो. आजोबा अंगणात खुर्ची टाकून मृगाकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "तो तांबडा तारा यंदा मंदावलाय की गं." मी कागदाला खळ लावत, वर न बघताच म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढला असेल, आजोबा." जानेवारीत बेळगावला नेऊन त्यांना नवा चष्मा करूनही दिला.

फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. मृगाच्या चार पायांतला तो तांबडा तारा, म्हणजे आर्द्रा, इंग्रजीत बीटलज्यूस, खरंच मंदावला होता. त्याचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झालं होतं. बातमी वाचून दाखवली तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "मग चष्म्याचे पैसे परत माग जा."

आम्ही हसलो. पण मला ते लागलं. ज्या माणसानं वर बघितलं त्याला मी न बघता उत्तर दिलं होतं.

हल्ली मला स्वतःला असंच उत्तर मिळतं. "आर्ट्सच्या मुलीला ताऱ्यांचं काय करायचंय? परीक्षेला आहे का?" माझं म्हणणं असं की ताऱ्यांबद्दल विचारायचा हक्क विज्ञान शाखेपुरता नाही. आणि साहित्यवाल्यांनी तर विचारलंच पाहिजे, कारण चंद्र-तारे सगळ्यात जास्त वापरतो आपणच! 'अढळ' म्हटलं की आपण ध्रुवतारा लिहून मोकळे होतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ध्रुवाची जागाही बदलते. साधारण बारा हजार वर्षांनी तिथे अभिजित असेल. चंद्राला आपण जन्माचा सोबती म्हणतो. तो तर दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर लांब जातोय, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं. तो आला कुठून? आज सर्वाधिक मान्य असलेलं उत्तर असं, की सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र जमला. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेले दगड पृथ्वीच्या दगडांशी बरेच जुळतात, हा त्यामागचा एक मोठा आधार. सोबत आहेच, पण ती एका अपघातातून सुरू झाली आणि हळूहळू सुटते आहे. कवितेला हे कमी आहे का?

भावाचा प्रश्न साधा होता. "मोठा तारा जास्त जगतो ना?" मलाही तसंच वाटायचं. खरं उलट आहे. वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्याच वजनानं आकसतो, पोटात तापतो, हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं, आणि तारा पेटतो. जितका तो जड तितकं हे इंधन झपाट्यानं संपतं. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे आणि अजून निम्म्यावर आहे. आर्द्रा मात्र फार तर एक कोटी वर्षांची, आणि तरी म्हातारी. तेव्हा मोबाइलवर मेसेज फिरत होते की ती उद्याच फुटणार. २०२१ मध्ये खुलासा आला तो असा: ताऱ्यानं वायूचा एक लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, त्या वायूची धूळ झाली आणि तिनं प्रकाश अडवला. तारा फुटेल तो कधीतरी लाखभर वर्षांत.

फरक इथेच आहे. हौशी माणसाचा प्रत्येक प्रश्न थोर असतो असं मी म्हणत नाही. मेसेज पाठवणाऱ्याला उत्तराची घाई होती, आजोबांना नव्हती. ते रोज बघत होते, म्हणून त्यांना फरक दिसला. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरीला होते. खगोलशास्त्राची पदवी नव्हती. त्यांनी तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या ३७,००० हून जास्त नोंदी केल्या आणि त्या अमेरिकेतल्या संस्थेनं वापरल्या. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था चालते, तीही हौशी लोकांचीच.

म्हणून मंडळाला एक सुचवते. डिसेंबरातली एक सभा वर्गात नको, मैदानावर घेऊया, रात्री आठला. मृग पूर्वेला वर आलेला असेल. मोबाइल खिशात, प्रत्येकाकडे एक प्रश्न आणि एक वही. पावसाळ्यात आपण ज्या आर्द्रेची वाट बघतो, ती त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात लपलेली असते. तिला बघायचं तर थंडीतच.

आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. आर्द्रा पुन्हा पहिल्यासारखी तांबडी दिसते. कोणी काही विचारलं तर मी आता आधी वर बघते.