मोटारशर्यतीचा खेळ कोणी मोडला?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांक म्हटला की कथा, कविता, सहलीचे वर्णन आणि ‘आजचा युवक’ हा एक लेख ठरलेलाच. त्यांच्या पंक्तीला व्हिडिओ गेमवरचा लेख येऊन बसलेला पाहून काही गुरुजनांच्या भुवया उंचावतील, याची मला जाणीव आहे. परंतु चित्रपटावर लिहिलेले आपल्याला खटकत नाही, नाटकावर तर आपण परिसंवाद घेतो. मग दोनशे माणसे वर्षानुवर्षे एकत्र खपून जी वस्तू घडवतात आणि जिच्यापुढे आपल्या वयाची मुले तहानभूक विसरतात, तिच्याविषयी कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहायचे नाही, तर कोणी लिहायचे?

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात ‘बिझार क्रिएशन्स’ नावाचा स्टुडिओ होता. त्याची ख्याती मोटारशर्यतीच्या गेमसाठी. १८ फेब्रुवारी २०११ रोजी तो बंद झाला. मी तेव्हा अंगणवाडीत जायलाही रडत असे. पुढे तालुक्याच्या गावी, संगणकाच्या एका दुकानात, तासाला वीस रुपये मोजून मी त्यांचा ‘ब्लर’ खेळलो. लंडनमधील हॅक्नी, स्पेनमधील बार्सिलोना ही नावे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या पडद्यावर भेटली. ज्यांनी ते रस्ते रंगवले ती माणसे केव्हाच पांगली आहेत, हे त्या दुकानात कोणालाच ठाऊक नव्हते.

स्टुडिओ बंद करताना मालक कंपनी ॲक्टिव्हिजनने जे कारण दिले त्याचा मथितार्थ असा : आम्ही हा स्टुडिओ घेतल्यापासून तीन वर्षांत शर्यतीच्या गेमचा पायाच बदलून गेला आहे; ब्लरवर मोठा पैसा लावला, पण त्याला ग्राहक मिळाला नाही. गिऱ्हाईक शोधले, स्टुडिओ विकलाही गेला नाही. तेव्हापासून ‘शर्यतीच्या गेमचे दिवस संपले’ हे वाक्य इतक्या वेळा म्हटले गेले आहे, की ते जणू हवामानाचे वर्तमान वाटावे! पाऊस पडला नाही, पीक गेले, कोणाचा दोष नाही. माझा वाद याच वाक्याशी आहे.

या लोकांचे कसब काय होते ते आधी सांगतो. सन २००० मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी त्यांनी ‘मेट्रोपोलिस स्ट्रीट रेसर’ केला. लंडन, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को येथील खरे रस्ते त्यांनी छायाचित्रे काढून काढून हुबेहूब उभे केले. यंत्रातल्या घड्याळाप्रमाणे त्या त्या शहरात दिवस वा रात्र असे; म्हणजे इकडे दुपार असताना टोकियोत दिवे लागलेले. आणि सर्वांत मोलाची कल्पना ‘कुडोस’ची. नुसते पहिले येऊन भागत नसे. वळण कसे घेतले, गाडी किती डौलात सरकवली, याचे गुण मिळत. कोठे धडकलात तर ते जात. केवळ निकालाला नव्हे, रीतीलाही गुण देणारा खेळ मी दुसरा फारसा पाहिलेला नाही. (परीक्षा विभागाने याची नोंद घ्यावी!) पुढे याच कल्पनेतून ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग’ जन्मला. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स विक्रीस आला, २००५ साली दुसरा आला, दोन्ही वेळी यंत्राची ताकद लोकांना दाखवण्यासाठी दुकानात या मालिकेचा गेम हजर होता. पायाच कच्चा असता तर असे झाले असते काय?

आता मे २०१० पाहा. ब्लर त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. आठवडाभर आधी, डिस्नेच्या मालकीच्या ब्रायटनमधील ब्लॅक रॉक स्टुडिओचा ‘स्प्लिट सेकंड’ आला होता. सोनीचा ‘मॉडनेशन रेसर्स’ही त्याच महिन्यातला. शिवाय ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा घोड्याबंदुकांचा भलताच गाजलेला गेमही तेव्हाच बाहेर पडला. अमेरिकेत अशा एका गेमला साठ डॉलर पडत. एका महिन्यात चार गेम कोणता मुलगा घेणार? एकाच मुहूर्तावर तीन मांडव घालायचे आणि वऱ्हाडी कमी आले म्हणून लग्नसंस्थाच बुडाली म्हणायचे, असा हा न्याय. पुढच्या वर्षी ब्लॅक रॉकही बंद झाला.

‘मागणी नाही’ हे वाक्य आम्हां कला शाखेच्या मुलांना नवे नाही. मी अकरावीत असताना आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र होते. नंतरच्या वर्षी मुले नाहीत म्हणून ते वेळापत्रकातून गेले. मुले नव्हती हे खरेच. पण तास दुपारी अडीचला ठेवला होता आणि आमच्या बाजूची एस.टी. पावणेतीनला सुटे, हे कोणत्या अहवालात लिहिले गेले असेल?

कोणी म्हणेल, कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. मान्य. आवडी बदलल्या हेही मान्य : फोनवर फुकटात गेम आले, आणि ज्यात अख्खे शहर हिंडता येते, भांडता येते, शिवाय गाडीही पळवता येते, अशा गेमपुढे नुसती शर्यत अपुरी वाटू लागली. तरीही एक हिशेब मला सुटत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ॲक्टिव्हिजनच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स’ने पहिल्या पाच दिवसांत ६५ कोटी डॉलरची विक्री केली. बिझारच्या भवितव्याचा फेरविचार चालू असल्याचे कंपनीने जाहीर केले तेही त्याच नोव्हेंबरात. याचा अर्थ तोटा सोसण्याची ऐपत नव्हती असे नाही. एवढ्या मोठ्या पिकाशेजारी लहान वाफा नकोसा झाला. आणि शर्यतीचे गेम मेले म्हणावे, तर निन्टेंडोच्या ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’च्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. ‘फोर्झा होरायझन’ तर आपल्याकडची मुलेही खेळतात. दोन टोकांना दोन वाडे उभे आहेत, मधली सारी आळी मात्र ओस पडली आहे : लिव्हरपूलचाच, ‘वाइपआउट’वाला स्टुडिओ सोनीने ऑगस्ट २०१२ मध्ये बंद केला; जवळच्या रनकॉर्नमधील इव्होल्यूशन मार्च २०१६ मध्ये. या इव्होल्यूशनच्या ‘ड्राइव्हक्लब’मध्ये भारतातले रस्तेही होते. आज तो गेम सोनीच्या दुकानात विकत मिळत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. परंतु ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेचा अर्थ मी आजोबांकडून शिकलो, कारण ते कूळ होते. बिझारची हकिगत वाचताना मला वारंवार तेच आठवत राहिले. १९९६ आणि १९९७ चे ‘फॉर्म्युला वन’ त्यांनी केले, प्रचंड खपले. पुढच्या वर्षीचा गेम दुसऱ्यांनी केला, कारण नाव प्रकाशकाचे. ‘मेट्रोपोलिस’ सेगाने प्रकाशित केला. एक्सबॉक्सकडे गेल्यावर तीच कल्पना नव्या नावाने नांगरावी लागली. ‘गॉथम’ हे नाव मायक्रोसॉफ्टचे. २००७ साली ते ॲक्टिव्हिजनला विकले गेले (हा सौदा मालकांनी राजीखुशीने केला, हेही नमूद केले पाहिजे), तेव्हा चार भाग खपून वाढवलेली मालिका बांधापलीकडे राहिली. त्या वर्षीच्या चौथ्या भागानंतर मायक्रोसॉफ्टने तिचा पुढचा भाग काढला नाही. म्हणून ब्लर हे नवे रान मोडावे लागले. पंधरा वर्षांत चौथ्यांदा! पहिल्या पिकाला उतारा कमी पडला आणि चौकशी संपली.

माणसे कोठे गेली? काही जण लेमिंग्टन स्पा येथे फोर्झा होरायझन करणाऱ्या स्टुडिओत गेले. काहींनी २०११ मध्ये लिव्हरपूलमध्येच ‘ल्युसिड गेम्स’ काढला. बिझारच्याच काळात ‘गॉथम’च्या दुसऱ्या भागात, गॅरेजच्या कोपऱ्यात, गंमत म्हणून ‘जिऑमेट्री वॉर्स’ नावाचा छोटा गेम लपवून ठेवलेला होता. तो पुढे स्वतंत्रपणे गाजला. २०१४ साली ल्युसिडने त्याचा नवा भाग केला. पण हक्क ॲक्टिव्हिजनचे असल्यामुळे तो निघाला ॲक्टिव्हिजनच्याच ‘सिएरा’ या नावाखाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घेतली. त्यामुळे ‘गॉथम’ आणि ‘ब्लर’ ही दोन्ही नावे आता एकाच घरात आहेत. मोटार कंपन्यांकडून गाड्यांची नावे ठरावीक मुदतीच्या परवान्याने घ्यावी लागतात. मुदत संपली की असे गेम विक्रीतून काढावे लागतात. ब्लर आज रीतसर विकत घ्यायचा म्हटले, तर जुनी तबकडी कोणाकडे मिळते का, ते शोधावे लागेल.