फायली भरल्या, पण वर्ग का रिकामे?

तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या लहान महाविद्यालयात 'नॅक'च्या मूल्यांकनाची तयारी सुरू झाली, की विद्यार्थी साह्याच्या फायली सर्वांत आधी फुगू लागतात. शिष्यवृत्तीधारकांच्या याद्या, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राचे हजेरीपट, समुपदेशनावरील व्याख्यानाची छायाचित्रे, माजी विद्यार्थी मेळाव्याचा वृत्तान्त असा सारा ऐवज क्रमवार लावला जातो. मूल्यांकनाच्या सात निकषांपैकी पाचवा निकष 'विद्यार्थी साह्य व प्रगती' हाच असल्याने हे ओघानेच आले, आणि त्यात गैरही काही नाही. मात्र एका प्रश्नाचे उत्तर या फायलींत सहसा सापडत नाही. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपैकी तृतीय वर्षाच्या परीक्षेपर्यंत किती जण पोहोचले आणि उरलेले कुठे गेले?

ही उणीव मोजणीच्या पद्धतीतच आहे. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते. मधल्या दोन वर्षांत जे बसलेच नाहीत, ते या हिशेबात धरले जात नाहीत. २०१७ पासून 'नॅक'ने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण सुरू केले, पण तेही शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचेच. ज्याने असमाधानापोटी किंवा नाइलाजाने महाविद्यालय सोडले, त्याला समाधानाबद्दल विचारणार कोण? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेकडून मूल्यांकन करून घेण्यात महाराष्ट्रातील महाविद्यालये देशात आघाडीवर राहिली आहेत. श्रेणीऐवजी 'अधिस्वीकृत' आणि 'अधिस्वीकृत नाही' एवढीच वर्गवारी ठेवण्याचा बदल २०२४ च्या प्रारंभी जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या पाहणीसाठी गेलेल्या समितीच्या सदस्यांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली आणि पाहणी पद्धतीच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह उमटले. बाहेरची व्यवस्था कशीही बदलली, तरी आपल्या योजना उपयोगी पडतात की नाही, हे महाविद्यालयाला स्वतःच तपासावे लागणार आहे.

त्यासाठी शिष्यवृत्तीपासून सुरुवात करणे योग्य, कारण लहान महाविद्यालयांत साह्याचा सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो. 'महाडीबीटी' संकेतस्थळावर विद्यार्थी अर्ज भरतो. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते यांची पूर्तता करतो. मग अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये येतो आणि तेथील छाननीनंतर समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे जातो. महाविद्यालयांच्या पातळीवर अर्ज प्रलंबित असल्याची आवाहने या विभागांकडून दरवर्षी निघतात. ती निघण्यामागे बहुतेक वेळा बेपर्वाई नसते. प्रवेश, परीक्षा अर्ज, वेतन देयके आणि शिष्यवृत्ती हे सारे एकाच लिपिकाकडे असते.

वार्षिक अहवालात 'शिष्यवृत्तीचे लाभार्थी' असा एकच आकडा छापला जातो. खरे तर तेथे चार आकडे हवेत: पात्र किती, अर्ज केलेले किती, मंजूर किती आणि खात्यात रक्कम नेमक्या कोणत्या महिन्यात जमा झाली. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे वेळेत दाखला न मिळालेली, सायबर कॅफेत दोनदा जाऊन परतलेली, खाते आधारला न जोडल्याने अडकलेली मुले. शेवटच्या आकड्याचे महत्त्वही तेवढेच आहे. परीक्षा संपल्यावर जमा झालेला निर्वाह भत्ता कागदावर लाभ ठरतो, पण खोलीचे भाडे त्या आधी सहा महिने भरायचे असते.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत यात आणखी एक गाठ पडली आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असलेल्या या योजनेत २०२०-२१ नंतरच्या सुधारित पद्धतीनुसार केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातून त्याने महाविद्यालयाचे शुल्क भरायचे असते. मध्यस्थ दूर करण्याचा हेतू चांगलाच होता. पण ज्या घरात उसनवारी थकली आहे, तेथे ही रक्कम शुल्कासाठी राखून ठेवणे सोपे नसते. मग विनाअनुदानित महाविद्यालय शुल्कासाठी तगादा लावते, विद्यार्थी कार्यालयासमोरून जाणे टाळतो आणि पुढे वर्गात येणेही टाळतो. ही गळती गरिबीमुळे झाली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती एका नियोजनशून्य हप्त्यामुळे झालेली असू शकते आणि शुल्काचे सोपे हप्ते बांधून देऊन ती टाळताही आली असती.

शिष्यवृत्तीनंतरचा खर्च प्रवासाचा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, त्याचे स्वागत झाले. परंतु तालुक्यातल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीचा प्रश्न शुल्काइतकाच एस.टी.चाही आहे. महामंडळाच्या विद्यार्थी पासात भाड्याची दोन-तृतीयांश सवलत मिळते. पण पूर्वी तो पास काढण्यासाठी आगाराच्या खिडकीपुढे अर्धा दिवस घालवावा लागे. जून २०२४ पासून महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयात देण्यास सुरुवात केली. प्राचार्यांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे द्यायची, एवढेच काम. कोणत्याही निकषात न बसणारे, पण हजेरीवर थेट परिणाम करणारे असे साह्य क्वचितच दिसते. हीच नजर वेळापत्रकावरही टाकायला हवी. शेवटची गाडी साडेचारला असेल आणि मार्गदर्शन केंद्राचा तास चारला सुरू होत असेल, तर त्या केंद्राचा लाभ गावात राहणाऱ्यांनाच मिळणार, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

'कमवा व शिका' योजनेचेही तेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले ते याच तत्त्वावर. तेथे श्रम हा शिक्षणाचाच भाग होता आणि वसतिगृहाची त्याला जोड होती. आज अनेक ठिकाणी ही योजना ग्रंथालयातील पुस्तके लावणे व आवार झाडणे यांपुरती उरली असून तिचे तास व्याख्याने संपल्यावरचे असतात. रोज ये-जा करणारी मुलगी तेथे नाव नोंदवत नाही आणि 'मुलींचा प्रतिसाद कमी' असा शेरा अहवालात येतो.

मार्गदर्शक शिक्षकांची योजना बहुतेक महाविद्यालयांत आहे. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, ही कल्पना उत्तमच. मात्र पदे रिक्त असल्याने अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आहे आणि त्यांची नेमणूक त्या-त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. परिणामी ज्या शिक्षकाला मुलाच्या घरची परिस्थिती ठाऊक झाली, तो पुढल्या जूनमध्ये महाविद्यालयात असेलच याची खात्री नाही. जे कायम आहेत, ते तक्रार निवारण, रॅगिंग प्रतिबंध, समान संधी केंद्र, राष्ट्रीय सेवा योजना अशा चार-चार समित्यांवर एकाच वेळी असतात.

त्यातच जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा वा त्याची सेवा घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. चारशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला पूर्णवेळ समुपदेशक परवडणार नाही, हे उघड आहे. जवळच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकाची सेवा घेणे व प्रत्येकाने आठवड्याचा एक वार ठरवणे हा व्यवहार्य मार्ग दिसतो. समुपदेशनाची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नसावी, इतके तारतम्य मात्र बाळगावे.

साह्य खरोखर मोजता येते का? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक महाविद्यालयांनी २००७ मध्ये 'असॅप' हा कार्यक्रम सुरू केला. प्रवासाचा पास, पुस्तकांसाठी मदत, शुल्कातील तफावत भरून काढणे आणि मोजके विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार असे त्याचे स्वरूप होते. पात्र विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून दोन गटांची तुलना केली गेली. तीन वर्षांनी कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले होते, तर इतरांपैकी २२ टक्के. तेथला पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण त्यांनी मोजले काय, तर कार्यक्रमाला किती जण आले हे नव्हे, किती जण शेवटपर्यंत टिकले हे.

आपल्याकडे ही मोजणी यापुढे अधिक अवघड होण्याची शक्यता आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी वर्षाची सर्व श्रेयांके आणि वर चार श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. जानेवारीत वर्गात येणे थांबलेल्या मुलाच्या हाती यातले काहीच पडत नाही. त्याचे नाव 'बाहेर पडण्याचा पर्याय स्वीकारला' या सदरात ढकलले, तर गळती कागदावरून नाहीशी होईल.

लहान महाविद्यालयाला येथे एक सोय आहे, जी मोठ्या शहरी महाविद्यालयाला नाही. तेथे माणसे ओळखीची असतात. द्वितीय वर्षाचे प्रवेश आटोपले, की गेल्या वर्षीच्या प्रथम वर्षाचा हजेरीपट शेजारी ठेवावा आणि जी नावे पुढे आली नाहीत त्यांना एकेक दूरध्वनी करावा. ऐंशी जणांच्या वर्गात अशी पंधरा-वीस नावे निघाली, तरी दोन दुपारींचे काम आहे. फोन प्राचार्यांनी न करता ज्याच्याशी मुले मोकळेपणाने बोलतात अशा कोणी करावा. अनेकदा तो ग्रंथालयातील परिचर असतो. मिळालेले कारण विद्यार्थ्याच्याच शब्दांत नोंदवावे आणि ती वही पाचव्या निकषाच्या फायलीत सर्वांत वर लावावी.