भाताच्या गावी एक दिवस

मुंबई-हावडा मार्गाने जाणाऱ्या मराठी प्रवाशाला रायपूर माहीत असते ते स्टेशन म्हणून. गाडी थांबते, चहाचे कप खिडकीतून आत येतात, गाडी सुटते. नागपूरपासून जेमतेम तीनशे किलोमीटरवरचे हे शहर पाहण्यासाठी मुद्दाम कुणी उतरत नाही. लग्नकार्यासाठी किंवा नातेवाइकांकडे जे येतात, त्यांनाही शंकर नगरसारख्या नव्या वस्तीतले यजमान संकोचाने म्हणतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आणि पाहुण्यांना मॉलमध्ये घेऊन जातात. तिथे पाहुणे तेच पाहतात, जे त्यांनी पुण्यात पाहिलेले असते, आणि तेच खातात, जे नागपुरात खाल्लेले असते.

पुढच्या वेळी असे करू नका. एक पूर्ण दिवस राखून ठेवा, शहराची माहिती असणारा माणूस बरोबर घ्या आणि एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: भात! छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात. या एका धाग्याने शहर पाहिले, तर देवळापासून बाजारापर्यंत सारे काही आपोआप जुळून येते.

न्याहारी घरीच

दिवसाची सुरुवात घरातूनच करा. शंकर नगरातल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बाई मूळच्या आसपासच्या खेड्यांतल्या असतात. खाण्याच्या बाबतीत तुमच्या खऱ्या मार्गदर्शक त्याच. आदल्या दिवशीच त्यांना विनंती करा, "दीदी, उद्या तुमच्याकडचा चिला करा." तांदळाच्या पिठाचा हा पातळ चिला म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. टोमॅटो आणि हिरव्या मिरचीच्या चटणीबरोबर तो गरम गरम खायचा. दुसरा पदार्थ फरा. उरलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून त्याच्या लांबट वळकट्या करायच्या, त्या वाफवायच्या आणि वरून तीळ, मोहरी, मिरचीची फोडणी द्यायची. तेल थोडे, चव भरपूर. मुलांच्या डब्यासाठीही छान!

पण त्या दीदींची स्वतःची न्याहारी काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती असते बोरे-बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवला की सकाळी बासी तयार. ताजा भात थंड करून पाण्यात घातला तर ते बोरे. सोबत कांदा, हिरवी मिरची, चटणी, एखादी पालेभाजी, जमले तर दही. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याला हे पाणी आणि हा भात दुपारपर्यंत तगवून धरतो. तरीही शहरात आलेली माणसे 'बासी खाल्ली' असे सांगायला लाजत, कारण ते गरिबाचे खाणे! 1 मे 2022 रोजी, कामगार दिनी, राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनीच सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि बड्या अधिकाऱ्यांच्या ताटातही ती दिसू लागली. एका दिवसाने जुना संकोच जात नाही हे खरे. पण पाहुण्याने आपणहून मागून एक वाटी खाल्ली, तर तो थोडा तरी कमी होतो.

मराठी पाऊलखुणा

सकाळच्या गारव्यात आधी जुन्या शहराकडे निघा. महाराजबंध तलावाजवळचा दूधाधारी मठ पाहण्यासारखा आहे. इथले एक महंत केवळ दुधावर राहत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. मठातील भित्तिचित्रे मराठा काळातील आहेत. तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती. तर चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आजही इथल्या मराठी कुटुंबांचे हक्काचे ठिकाण आहे.

हे सारे पाहून मराठी मनाला अभिमान वाटणारच. मात्र जाणता मार्गदर्शक पुढची गोष्टही सांगतो. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी छत्तीसगडवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 पर्यंत रतनपूरला राहून राज्य केले. त्यांच्याविषयी लोकांत आदर होता. त्यांच्यानंतर मात्र कारभार सुभेदारांच्या हाती गेला आणि इथल्या शेतकऱ्याकडून जास्तीत जास्त महसूल गोळा करून नागपूरला पाठवणे हाच त्याचा मुख्य हेतू राहिला, असे इतिहासकार लिहितात. 1818 नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. म्हणजे या मातीतला भात एकेकाळी आपल्याकडेही महसूल होऊन गेला. पाहुण्याने हेही ऐकून घ्यावे.

धान्याची कोठारे उघडणारा

तिथून जयस्तंभ चौकात या. वाहनांच्या गर्दीत हा चौक सहज मागे पडतो, म्हणून दोन मिनिटे थांबा. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांनी 1856 च्या दुष्काळात एका सावकाराचे कोठार उघडून भुकेल्या रयतेला धान्य वाटले. इंग्रजांनी त्यांना पकडले, ते तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले. 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आली. ती याच चौकात, असे मानले जाते. मुलांना ही कथा जरूर सांगा. सत्तावन्नच्या लढ्याच्या पाठ्यपुस्तकातील नावांमध्ये हे नाव आपल्याकडे क्वचितच येते.

दुपारचे जेवण: गढ कलेवा

दुपारी महंत घासीदास वस्तुसंग्रहालय गाठा. राजनांदगाव संस्थानचे राजे महंत घासीदास यांनी 1875 मध्ये ते उभारले. आजच्या इमारतीचे उद्घाटन 1953 मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सिरपूर येथे सापडलेल्या धातुमूर्ती इथले वैभव आहेत.

याच आवारात 26 जानेवारी 2016 रोजी 'गढ कलेवा' सुरू झाले. कलेवा म्हणजे न्याहारी. महिला बचत गटाने चालवलेल्या या ठिकाणी बसायची व्यवस्था खेड्यातल्या अंगणासारखी आहे. इथे पोटभर खा आणि निवांत खा. हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे म्हणजे बफौरी. बेसनाची खमंग, तळलेली ठेठरी. कणीक आणि गुळाची खुर्मी. अरसा तर तांदूळ-गुळाचा, आपल्या अनारशाच्या जवळचा. ठेठरी-खुर्मीचा खरा मोसम पोळ्याचा. विदर्भाप्रमाणे इथेही बैलांचा हा सण होतो, त्याला 'पोरा' म्हणतात आणि घरोघरी मातीचे बैल आणून मुले खेळतात. पाठोपाठ येते तीजा, म्हणजे आपली हरतालिका. त्यासाठी लेकी माहेरी येतात आणि उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर 'करू भात' खातात. माहेरच्या ओढीला भाषा लागत नाही, हे इथल्या गृहिणींशी बोलताना पटते.

घरी आजीने केले आणि विसरले गेले, असे हे पदार्थ. इथे त्यांचे पैसे मिळतात, त्यामुळे तरुण सुना ते शिकतात. तुमच्या ताटातले पन्नास-शंभर रुपये कुणाच्या हाती जातात, हे पाहून जेवलात तर जेवण अधिक रुचते.

बियाण्यांची तिजोरी

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाच्या 23 हजारांहून अधिक वाणांचे बियाणे जपलेले आहे. सहलीत पाहायचे हे ठिकाण नव्हे, पण त्याची माहिती हवीच. थोर भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात गावोगावच्या शेतकऱ्यांकडून गोळा केलेले हजारो वाण हा या ठेव्याचा पाया. 2002 मध्ये सिंजेंटा या परदेशी कंपनीशी विद्यापीठ करार करणार, असे कळताच शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. एका वाणाच्या मागे कितीतरी पिढ्यांच्या बायाबापड्यांची निवड असते. ती विकायची नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हे ऐकल्यावर गोल बाजारात खरेदीला जा. आठवण म्हणून किल्लीची साखळी नको. दोन किलो दुबराज किंवा विष्णुभोग घ्या. धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भात शिजताना घरभर दरवळणारा वास हीच खरी आठवण!

तळ्याकाठची संध्याकाळ

उन्हे कलली की बूढा तलाव. आज त्याचे नाव विवेकानंद सरोवर आहे. 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र कुटुंबासह रायपूरला आला, तेव्हा इथे रेल्वे पोहोचली नव्हती आणि बराच प्रवास बैलगाडीचा होता. तो सुमारे दोन वर्षे इथे राहिला. रायपूर हे तळ्यांचे गाव. पावसाचे पाणी साठवून माणसे, गुरे आणि शेते जगवण्यासाठी ही तळी खोदली गेली. त्यांतली किती तरी आता वस्त्यांखाली बुजली. शंकर नगरच्या शेजारचा तेलीबांधा तलाव मात्र नव्याने सजला असून रात्री तिथे सहकुटुंब फिरायला येणाऱ्यांची रीघ लागते. दिवसाचा शेवट तिथेच करा.

लक्षात ठेवा

- मुंबई-हावडा मार्गावरील बहुतेक गाड्या रायपूरला थांबतात. विमानतळही आहे.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळा कडक असतो.
- वस्तुसंग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.
- रिक्षा दिवसभरासाठी ठरवा. जुन्या शहरातला रिक्षावाला अनेकदा चांगला मार्गदर्शक ठरतो.
- आणखी एक दिवस असेल तर महानदीकाठचे सिरपूर आणि तिथले विटांचे लक्ष्मण मंदिर चुकवू नका.