सदिच्छेला हवी पुराव्याची जोड

समाजकार्य हे कळकळीचे क्षेत्र आहे, आणि कळकळीने केलेल्या कामाचे फळ चांगलेच असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. या समजुतीला धक्का देणारे एक उदाहरण अमेरिकेत घडले. बोस्टनजवळच्या केंब्रिज व सॉमरव्हिल या शहरांत १९३९ साली ५०६ मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला मदत देण्याचे ठरले. कोणाला, हे नाणे उडवून निश्चित केले गेले. समुपदेशक सरासरी पाच वर्षे घरी जात. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे, सारे काही पुरविले जाई. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या मुलांचा मागोवा घेऊन १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत लाभलेल्यांपैकी बहुसंख्य म्हणत होते की योजनेचा उपयोग झाला. परंतु मदत न मिळालेल्यांशी तुलना करता, पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, अकाली मृत्यू या बाबतींत त्यांचीच स्थिती वाईट निघाली! तुलनेला दुसरा गट नसता, तर ही योजना यशस्वी म्हणूनच गौरविली गेली असती.

असे पुरावे जमविणे आपल्याकडे शक्य नाही, असे म्हणावे तर गडचिरोली समोर आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि तेथील बालमृत्यूंची ४७ अन्य गावांशी तुलना केली. हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत नवजात शिशूंची घरगुती काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. मोजमापाने सेवेची किंमत घटली नाही. उलट तिची व्याप्ती वाढली.

आपल्या समाजकार्य महाविद्यालयांत संशोधनपद्धती शिकवली जाते, प्रबंधही लिहून घेतला जातो. तथापि स्वतः प्रश्नावली तयार करणे वेगळे आणि इतरांचे संशोधन पारखणे वेगळे. व्यसनमुक्तीचा कोणता उपाय कोणासाठी उपयुक्त ठरला, तुलना कोणाशी केली, अपयशी प्रयोग दडवले तर गेले नाहीत ना, हे विचारण्याची सवय क्षेत्रकार्याच्या दर आठवड्याच्या चर्चेतच लागावयास हवी. एका अभ्यासावर विसंबू नये, सर्व अभ्यास एकत्र ताडून पाहावेत, या हेतूने २००० साली कॅम्पबेल सहयोग ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अशा आढाव्यांचे मराठी सारांश विद्यापीठांनी सिद्ध केले पाहिजेत; अन्यथा हे ज्ञान इंग्रजीच्या कुंपणातच राहील.

बोस्टनचा निष्कर्ष मेळघाटाला कसा लागू पडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या विचाराचे एक प्रवर्तक डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी वैद्यकासंबंधी लिहिताना पुराव्याबरोबरच व्यावसायिकाचा अनुभव व रुग्णाची इच्छा यांनाही स्थान दिले. पुरावा हा निर्णयाचा आधार होय, पर्याय नव्हे.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी एवढेच जोडीन की निष्फळ योजनेवर खर्च झालेला रुपया हा उपयुक्त योजनेपासून हिरावलेला रुपया असतो. तो हिरावला जातो तो गरिबाकडूनच, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो.