झेंडा उतरवायचा कुणी?

झेंडा चढवायला गावात माणसांची कमी नाही. नारळ, हार, फोटो, भाषण सगळं वेळेवर होतं. संध्याकाळी उतरवायला मात्र एक शिपाई उरतो. आणि घरावरचा झेंडा उतरवायला तर कुणीच नाही. माझं भांडण वाटून मोकळं होणाऱ्यांशी आहे.

आमच्या मराठवाड्यात झेंड्याचे दिवस चार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट हे सगळ्या महाराष्ट्राचे, १७ सप्टेंबर आमचा जास्तीचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. तिरंगा हातात धरला की तुरुंग. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आमच्या नळदुर्गात आली आणि चार दिवसांनी निजाम शरण गेला. ज्यांनी झेंड्यापायी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या मुलखात आज तो कसा लोंबतो, ते बघा.

२०२२ साली ‘हर घर तिरंगा’ आलं. पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळू लागला. पत्र्याच्या खोपटावरसुद्धा तिरंगा दिसला, त्याचा मला आनंदच झाला. १३ ते १५ ऑगस्ट, तीन दिवस. पण चौथ्या दिवशी काय करायचं, हे आमच्या वस्तीवर सांगायला कुणी आलं नाही. सोयाबीनची रास झाली तरी झेंडे तिथंच. केशरी रंग विटून पांढरा झालेला, कडेच्या दशा सुटलेल्या. एक तर माझ्या बांधावरच्या बाभळीला अडकलेला सापडला.

त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला. आता घरावरचा झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो. आधी सूर्य मावळायच्या आत उतरवावा लागायचा. लोकांना ती कटकट वाटायची. पण रोज उतरवताना कुणाची तरी नजर त्याच्यावरून फिरायची. कुठं उसवला, कुठं मळला, ते कळायचं. कटकट गेली, तशी नजरही गेली.

फाटलेल्या झेंड्याचं काय करायचं, हे ध्वजसंहितेत लिहिलेलं आहे. फाटका झेंडा लावायचा नाही. तो अख्खाच्या अख्खा, चारचौघांत नव्हे तर खासगीत, शक्यतो जाळून, मानानं संपवायचा. पण १९७१ चा कायदा असाही आहे, की चारचौघांत झेंडा जाळून अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. गरीब माणसाच्या कानावर दुसरीच गोष्ट आलेली असते. परसात काडी ओढली आणि कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढला तर? ज्याचं आडनाव ऐकून गाव आधीच संशय घेतं, तो तर काडीपेटीला हातही लावणार नाही. म्हणून झेंडा पत्र्यावरच कुजतो. ह्याला बेपर्वाई म्हणू नका, ही भीती आहे.

आणि जाळायचा म्हटला तरी काय जाळणार? ३० डिसेंबर २०२१ ला पॉलिस्टरला परवानगी मिळाली. खादीचा झेंडा जळतो, त्याची राख होते, ती मातीत मिसळते. पॉलिस्टर वितळतं, ठिबकतं, त्याचा काळा गोळा होतो. मानानं निरोप द्यायचा नियम तसाच ठेवला आणि कापड असं दिलं, की निरोपच नीट होऊ नये. आमच्या मराठवाड्यातच, नांदेडला, खादीचा तिरंगा तयार होतो. तो सोडून हे कशाला?

कुणी म्हणेल, खादी महाग, गरिबानं झेंडा लावूच नये का? लावावा की! पण दरसाल नवा कशाला? १५ ऑगस्टच्या संध्याकाळी उतरवा, झटका, घडी घाला, पेटीत लुगड्यांशेजारी ठेवा. पुढच्या साली तोच काढा. फाटेपर्यंत तोच. गरिबाला वस्तू टिकवायची कशी, हे शिकवावं लागत नाही. त्याला फक्त सांगावं लागतं, की ही टिकवायची वस्तू आहे.

फाटलेले झेंडे तालुक्याला जमा करा, असं पत्रक निघतं. एका झेंड्यासाठी रोजगार बुडवून तालुक्याला कोण जाणार? ज्यांनी घरोघर पोचवला त्यांनीच घरोघर जाऊन परत घ्यावा. ग्रामपंचायतीनं एक झाकणाची पेटी ठेवावी. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं, की जीर्ण झेंडे त्यात गोळा करावेत आणि पंचायतीनं ते स्वतः तहसीलला पोचवावेत. एका ट्रॅक्टरच्या खेपेचं काम आहे.

आपण जीर्ण पोथी रद्दीत घालत नाही. खंडित मूर्ती उकिरड्यावर टाकत नाही. त्यांना निरोप द्यायची रीत आहे, आणि ती अडाणी म्हातारीलाही ठाऊक असते. झेंड्याची रीत अजून कागदावरच आहे. ती गावात उतरेपर्यंत नवे झेंडे वाटणाऱ्यांनी एक वर्ष हात आवरावा आणि जुने मोजावेत.